लिफ्ट किट विकताय? मग स्टीअरिंगचं काम त्याच बिलात धरा



मागच्या व्हिडिओत फोर-बाय-फोर ॲक्सेसरीजच्या धंद्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "सर, लिफ्ट किटमध्ये मार्जिन किती सुटतं?" प्रश्न चांगला आहे. धंदा करायचा तर मार्जिन विचारलंच पाहिजे. पण विचारणाऱ्यांपैकी एकानेही असं विचारलं नाही की गाडी दोन इंच वर उचलल्यावर स्टीअरिंगचं काय होतं. मार्जिन खरं तर तिथेच ठरतं, म्हणून आज त्यावरच लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लिफ्टनंतर स्टीअरिंगची भूमिती सरळ करणं हे "ऑप्शनल" काम नाही. ते वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीला, "पाहिजे तर करा" म्हणून कोटेशनमध्ये लिहू नका. ज्याला फक्त लिफ्ट पाहिजे आणि करेक्शन नको, त्याचं काम घेऊ नका. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, स्वतःच्या खिशातून शिकलो. तो हिशोब खाली दिलाय. पण आधी काम काय असतं ते समजून घेऊ, कारण जे समजत नाही ते गिऱ्हाइकाला पटवून देता येत नाही.

सायकल आठवा. पुढचा चिमटा सरळ खाली उभा नसतो, थोडा तिरका असतो. म्हणून तर हात सोडून सायकल चालवता येते. गाडीतही तसंच असतं. पुढचं चाक ज्या उभ्या रेषेभोवती वळतं ती रेषा वरच्या बाजूने मागे झुकलेली असते. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळण घेऊन स्टीअरिंग सैल सोडलं की ते आपोआप सरळ येतं, हायवेला गाडी आपली लाइन धरून जाते, हे मुख्यतः कॅस्टरमुळे. कंपनीतून येतो तोही काही फार मोठा कोन नसतो, मोजक्या अंशांचाच असतो. त्यातले दोन-तीन अंश गेले तर उरलं काय?

ते जातात कसे, हे बघा. जिम्नीसारख्या गाडीत पुढे अखंड एक्सल आहे. तो दोन लांब आर्मनी चासीला धरलेला असतो. आर्मचं मागचं टोक चासीवर, पुढचं एक्सलला दोन बुशमध्ये घट्ट. आता तुम्ही उंच स्प्रिंग टाकली. चासी वर गेली, एक्सल खालीच राहिला, म्हणजे आर्मचं पुढचं टोक चासीच्या हिशोबाने खाली झुकलं. एक्सल आर्मला घट्ट बांधलेला असल्याने तोही आर्मबरोबर फिरला आणि त्याची वरची बाजू पुढे कलंडली. झालं, कॅस्टर कमी. किती कमी, ते शाळेच्या गणितानेही काढता येतं. आर्म 1 मीटर लांब आहे असं धरा आणि लिफ्ट 50 मिमी, तर कोन जवळपास 3 अंशांनी बदलतो. आर्म आखूड असेल तर त्याहून जास्त.

जुन्या जिप्सीत पुढे पाटे आहेत. तिथे बरेच जण पाट्याच्या टोकाची शॅकल लांब करून गाडी उचलतात, कारण ते सगळ्यात स्वस्त पडतं. जिप्सीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर एक्सल कलंडतो, आणि कॅस्टर तिथेही जातो. रस्ता वेगळा, मुक्काम तोच.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. गाडी उचलली की हा दांडा जास्त तिरपा होतो. तिरपा झाला म्हणजे त्याची आडवी लांबी कमी झाली. मग तो एक्सलला चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढून घेतो. दांडा 800 मिमीचा आहे आणि दोन टोकांमधला उंचीचा फरक 50 वरून 100 मिमी झाला असं धरलं, तर एक्सल साधारण 5 मिमी बाजूला जातो. डोळ्याला दिसत नाही. गाडीच्या मागे दहा पावलं लांब उभं राहून बघितलंत तर एका बाजूचं टायर थोडं जास्त बाहेर आलेलं जाणवतं. गिऱ्हाइकाला जाणवतं ते मात्र आणखी वेगळं: रस्ता सरळ आहे आणि स्टीअरिंग वाकडं.

हे वाकडं स्टीअरिंग सरळ करायची एक खोटी पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. स्टीअरिंग व्हीलचा नट काढायचा, व्हील उपसायचं, एक-दोन दाते फिरवून परत बसवायचं. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. पण त्याने स्टीअरिंग बॉक्स मध्यावरून सरकलेलाच राहतो, म्हणजे गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. आणि ज्या गाडीत ईएसपी आहे तिथे स्टीअरिंग किती फिरवलंय हे सांगणारा सेन्सर असतो. व्हील सरळ दिसत असतं, सेन्सर मात्र "ड्रायव्हर वळतोय" असंच सांगत राहतो. ओल्या घाटात ब्रेकच्या सिस्टिमला चुकीची माहिती देणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. बरोबर पद्धत म्हणजे ड्रॅग लिंकची लांबी ॲडजस्ट करायची. गाडीखाली झोपावं लागतं, गंजलेला लॉकनट सोडवावा लागतो, अर्धा तास जातो. तेवढंच.

आता माझी गोष्ट.

गगनबावड्याच्या बाजूचे एक बागायतदार जिम्नी घेऊन आले. काजूच्या बागेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही, गाडी खाली घासते, दोन इंच उचलून द्या म्हणाले. मी दोन कोटेशन दिली. एक नुसत्या लिफ्टचं, 48,000. दुसरं करेक्शनसह, 72,000. (माझ्या दुकानातले त्या वेळचे आकडे आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील.) त्यांनी विचारलं, "दोन्हीत फरक काय?" मी म्हणालो, "दुसऱ्यात हँडलिंग जास्त चांगलं मिळतं."

हे वाक्य परत वाचा. माझी चूक इथे झाली. हँडलिंग चांगलं मिळतं म्हटल्यावर समोरच्याला ते सीट कव्हरसारखं वाटणार. 24,000 वाचत असतील तर कोणीही वाचवेल. त्यांनी 48 वालं घेतलं. आणि खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं, कारण शेजारच्या गावातला एक जण 46 मध्ये करून देत होता आणि गिऱ्हाईक माझ्याकडे टिकलं होतं.

आठ दिवसांनी फोन आला. साठच्या वर गाडी भरकटते, सतत स्टीअरिंग धरून ठेवावं लागतं. मी म्हटलं या बघू. आल्यावर मी काय केलं? मोजलं नाही. जाड स्टीअरिंग डॅम्पर विकला आणि बसवून दिला. डॅम्पर म्हणजे स्टीअरिंगचा शॉकॲब्सॉर्बर, थरथर दाबतो. गाडी चालवून बघितली, हाताला कमी जाणवलं, ते गेले.

त्यानंतर महिन्याभरात दुसरा फोन, या वेळी रस्त्यावरूनच. सोबत बायको आणि मुलगी. उतारावर एक खड्डा लागला आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी फडफडायला लागली. स्टीअरिंग हातातून सुटलं. ब्रेक दाबत दाबत गाडी कशीबशी कडेला थांबली, समोरून काही येत नव्हतं म्हणून. कोणाला काही झालं नाही. फोनवर ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आता ही गाडी मी चालवत तुमच्याकडे आणणार नाही. न्यायला या."

बाजारात ट्रॉलीचं एखादं चाक वेडंवाकडं फडफडतं ना, तसाच प्रकार. कॅस्टर कमी झाल्याने चाकाला सरळ ठेवणारी ताकद उरलेली नसते. त्यात पॅनहार्डचा बुश थोडा सैल, एखादं चाक बॅलन्सला नाही, टायर मोठं, एवढं जुळून आलं की एक खड्डा पुरतो. डॅम्परने मी फक्त लक्षण दाबून ठेवलं होतं. तो तापला, थकला, आणि आजार बाहेर आला.

गाडी टो करून आणली आणि पहिल्यांदा नीट मोजली. कॅस्टर एका बाजूला एक अंशाच्याही खाली होता.

दुरुस्ती माझ्या खर्चाने केली. पार्ट खरेदी 13,000, टोइंग 3,500, फिटरचे दोन दिवस 2,400, आणि डॅम्परचे पैसे परत केले त्यात माझी खरेदी 5,200. बेरीज 24,100. मूळ लिफ्टवर मला सुटले होते 9,000. म्हणजे "गिऱ्हाईक टिकवलं" या आनंदाची किंमत 15,100 रुपये पडली. रॅम्प दोन दिवस अडकला तो वेगळाच. बीबीएला असताना कॉस्टिंगच्या पेपरात रीवर्क कॉस्टवर मी पानभर लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. कोटेशन देताना आठवलं नाही.

पण पैशाचं एक वेळ सोडा. त्या फोननंतर बरेच दिवस मला त्या गाडीत मागे बसलेली मुलगी डोळ्यांसमोर यायची. मुलगी मी कधी बघितलीही नव्हती.

मोजायला मोठं मशीन लागत नाही

नवीन मुलं इथे अडतात. "सर, थ्रीडी अलाइनमेंट मशीन घ्यायला भांडवल नाही." नका घेऊ. मीही सुरुवातीला घेतलं नव्हतं. पण "बाहेरून अलाइनमेंट करून घ्या" म्हणून गिऱ्हाइकाला पाठवून देऊ नका, कारण यात एक मोठी गफलत आहे. अखंड एक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाला बहुतेक वेळा फक्त टो बदलू शकतो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत की बाहेर वळलेली आहेत ते. कॅस्टर बदलायला त्याच्याकडे नटच नसतो. स्क्रीनवर कॅस्टर लाल दिसत असतो, तो टो हिरवा करून देतो, पैसे घेतो, गिऱ्हाईक समजतं अलाइनमेंट झाली. अलाइनमेंटवाल्याची चूक नाही. त्याला जे काम सांगितलं ते त्याने केलं.

तुम्हाला कॅस्टर मोजायचा असेल तर चुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्या, हजार-दीड हजारात मिळतो. सपाट फरशी पाहिजे, आणि सपाट म्हणजे पाण्याच्या पातळीने तपासलेली. पुढच्या प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडखळत नाही. चाक एका बाजूला 20 अंश वळवायचं, कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल वाचायचा. मग दुसऱ्या बाजूला 20 अंश, परत वाचायचं. दोन आकड्यांतल्या फरकाला साधारण दीडने गुणलं की कॅस्टर. मशीनइतकं अचूक नाही, पण "एक अंश आहे की चार" हे नक्की कळतं. आणि धोका कळायला तेवढं पुरतं. टोसाठी सुतळी आणि टेप चालते. आपल्याकडचे जुने मिस्त्री आयुष्यभर सुतळीवर टो लावत आले.

माझा आता एक नियम आहे: मोजणी दोनदा. गाडी आली की किट उघडायच्या आधी एकदा, काम झाल्यावर एकदा. दोन्ही आकडे एकाच कागदावर, खाली गिऱ्हाइकाची सही. पहिली मोजणी का? कारण पाच-सहा वर्षं वापरलेली गाडी आधीच बिघडलेली असू शकते. किंगपिनच्या बेअरिंगला प्ले, टाय रॉड एंड ढिला, बुश फाटलेले. ते आधी दाखवलं नाही तर लिफ्टनंतर सगळं तुमच्या नावावर. एकदा मी एका जिप्सीची पहिली मोजणी करून मालकाला म्हणालो, आधी ही बेअरिंग बदला, लिफ्ट पुढच्या महिन्यात करू. तो माणूस आजही माझं गिऱ्हाईक आहे.

करेक्शनचे प्रकार, आणि मी काय निवडतो

आर्मवाल्या गाडीत तीन रस्ते आहेत. पहिला कॅस्टर बुश. मूळ बुश प्रेसने काढायचे आणि ज्यांचं भोक मध्यावर नाही असे बुश बसवायचे. स्वस्त, चासीला हात लागत नाही. पण मर्यादित अंशच परत मिळतात, आणि पॉलीयुरेथेनचे कडक बुश असतील तर एक्सलची लवचीकता थोडी कमी होते. दुसरा ड्रॉप ब्रॅकेट, आर्मचं चासीकडचं टोकच खाली आणायचं. भूमिती छान मूळपदावर येते, पण ब्रॅकेट खाली लोंबतो आणि ज्या क्लिअरन्ससाठी गाडी उचलली त्यातलाच थोडा परत जातो. बागेतल्या दगडाला तोच आधी लागणार. तिसरा करेक्शन केलेले नवे आर्म. महाग, पण सगळ्यात निर्धास्त. दोन इंचांपर्यंत रोजच्या वापराच्या गाडीला मी बुश सुचवतो, त्याच्या वर आर्म. सोबत ॲडजस्टेबल पॅनहार्ड घेतोच.

पाट्याच्या गाडीत एक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालतात. ती पोलादाचीच घ्या. ॲल्युमिनियमची पाचर दाबाखाली झिजते, फुटते. आणि एक लक्षात ठेवा, पुढचा एक्सल कॅस्टरसाठी मागे कलवला की डिफरन्शियलचं तोंड खाली जातं, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. कॅस्टर पूर्ण मिळवायला गेलात तर फोर-व्हीलमध्ये शाफ्ट थरथरेल. म्हणून कुठेतरी मध्ये थांबावं लागतं. कुठे, हे प्रत्येक गाडीला मोजूनच ठरतं. यूट्यूबवर बघून नाही. (हो, माझ्या चॅनेलवर बघूनही नाही.)

पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक हे दोन दांडे शक्य तितके समांतर राहिले पाहिजेत. एकाचा ब्रॅकेट बदलला आणि दुसरा तसाच ठेवला तर खड्ड्यात एक्सल वर-खाली होताना गाडी आपोआप वळते. याला बंप स्टीअर म्हणतात. ड्रायव्हर म्हणतो "गाडी उडी मारते तेव्हा बाजूला जाते." हे वाक्य ऐकलं की डॅम्पर शोधू नका, हे दोन दांडे बघा.

पिकअपवाल्यांसाठी थोडं वेगळं. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या पिकअपमध्ये पुढे अखंड एक्सल नसतो, दोन्ही चाकं स्वतंत्र, प्रत्येकाला वरचा-खालचा आर्म. 2020 मध्ये आलेल्या नव्या थारचीही पुढची बाजू अशीच. इथे स्ट्रटवर स्पेसर ठेवून गाडी उचलली की आर्म खाली झुकतात आणि कॅस्टर, कॅम्बर, टो तिन्ही एकदम हलतात. टो किती आणि कोणत्या दिशेला जातो ते स्टीअरिंग रॅक कुठे आहे त्यावर, पण तो हलतो हे नक्की. लावला नाही तर टायरच्या नक्षीवर करवतीसारखे दाते पडतात. तळहात आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने टोचतं. नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये कामातून जातात. वरचा बॉल जॉइंट आणि सीव्ही शाफ्ट यांचे कोनही मर्यादेकडे जातात. म्हणून अशा पिकअपला दीड-दोन इंचांवर मी जात नाही, आणि मूळ ॲडजस्टमेंटमध्ये कॅस्टर मिळत नसेल तर वरचे आर्म बदलतो.

उलटंही सांगतो, कारण धंद्यात लोभ दोन्ही बाजूंनी असतो. इंचभर लिफ्ट, गाडी स्वतंत्र सस्पेन्शनची, आणि मोजल्यावर सगळे आकडे कंपनीच्या मर्यादेत बसतायत? मग महागडे आर्म विकू नका. नीट अलाइनमेंट करून द्या, कागद द्या, सोडून द्या.

मागून उचललेल्या पिकअपमध्ये एक छुपी गोष्ट असते. काही मॉडेलमध्ये मागच्या एक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हला एक छोटी काडी जोडलेली असते. माल किती भरलाय ते ती ओळखते. मागची बाजू उंच झाली की तिला वाटतं गाडी रिकामी आहे आणि ती मागच्या ब्रेकला कमी दाब देते. तुमच्या गिऱ्हाइकाने मात्र टनभर ऊस भरलेला असतो. काडीचा ब्रॅकेट ॲडजस्ट करायला विसरू नका. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, तेही चाकं लोंबकळती ठेवून बघा.

फिटरला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन खाली, मग टाइट. हवेत आवळलेला बुश गाडी खाली ठेवताच पिळला जातो आणि तसाच पिळलेला राहून लवकर फाटतो. टो नेहमी शेवटी लावायचा, कारण कॅस्टर-कॅम्बर हलले की तो परत हलतो. आणि स्प्रिंग बसायला वेळ घेतात, म्हणून 500 किलोमीटरनंतर गाडी परत बोलवायची. ही फेरतपासणी माझ्या बिलात आधीच धरलेली असते. "फ्री" लिहीत नाही. फ्री लिहिलं की गिऱ्हाईक येतच नाही.

एका बाबतीत मी हट्टी आहे. ड्रॅग लिंक किंवा टाय रॉड कापून, मध्ये तुकडा घालून, वेल्डिंग करून लांब करायचा नाही. कोल्हापुरात उत्तम लेथवाले आहेत, काय वाटेल ते बनवून देतात, आणि मला त्यांच्या हाताबद्दल आदर आहे. पण स्टीअरिंगचा दांडा ही वेल्डिंगची जागा नाही. तिथला जोड सुटला तर ड्रायव्हरच्या हातात फक्त एक गोल चाक उरतं. योग्य पार्ट यायला पंधरा दिवस लागले तर पंधरा दिवस गाडी उभी राहील.

"पण गिऱ्हाईक शेजारी जाईल ना?"

जाईल. काही जातात. मागच्या उन्हाळ्यात एक पिकअपवाला माझं कोटेशन बघून हसला, म्हणाला तुम्ही गाडी विकताय का किट. गेला. परत आला नाही. तो पुढे पस्तावला, अशी काही गोष्ट माझ्याकडे नाही. कदाचित त्याची गाडी मस्त चालत असेल. पण मी ज्याच्या खाली झोपून काम केलं आणि बिलावर माझ्या दुकानाचा शिक्का मारला, त्या गाडीची गोष्ट वेगळी.

कोटेशन आता एकच असतं. त्यात लिफ्ट, करेक्शन, दोन मोजण्या आणि 500 किलोमीटरची तपासणी, सगळ्याची मिळून एक रक्कम. पार्टची यादी मागितली तर देतो, पण "यातलं काय कमी करता येईल" या प्रश्नाला माझं उत्तर असतं: उंची. दोनऐवजी एक इंच घ्या, करेक्शनचा खर्च उतरेल. हे उत्तर बहुतेकांना पटतं. कारण बऱ्याच जणांना उंची फोटोसाठी हवी असते आणि एक इंच व मोठी नक्षी असलेले टायर एवढ्यावरही फोटो बरा येतो.

बोलताना "हँडलिंग" हा शब्द मी सोडून दिला. आता सरळ सांगतो: "दादा, उचलल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येणार नाही. ते परत यायला हे पार्ट लागतात." एवढं सांगून त्याला सायकलचा चिमटा दाखवतो. दुकानात एक जुनी सायकल त्यासाठीच ठेवली आहे.

कायद्याचंही बोलून घेऊ, कारण हा धंदा काढणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसीतले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी बदल केल्याचा मुद्दा काढू शकते. म्हणून काम घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारायला मी गिऱ्हाइकाला लेखी सांगतो. त्यामुळेही काही कामं जातात. फक्त ऑफ-रोड ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन वापरायच्या गाड्यांची कामं मात्र वाढली आहेत, आणि ते लोक करेक्शनवर घासाघीस करत नाहीत. त्यांना माहीत असतं.

ते बागायतदार अजून माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आले तेव्हा गाडी आत घ्यायच्या आधी म्हणाले, "आधी मोजा." मी मोजली. आकडे बघून त्यांनी कागदाची घडी केली आणि आरसीच्या पाकिटात ठेवली.

पुढच्या व्हिडिओत पत्र्याच्या प्लेटा, ग्रीस आणि अँगल गेज घेऊन कॅस्टर मोजून दाखवतो. तुमच्याकडे अखंड एक्सलची गाडी असेल तर तिची आर्मची लांबी आणि लिफ्ट किती ते कमेंटमध्ये लिहा. त्यातलीच एक निवडून सगळं गणित तिच्यावर करू.